लाकडी घराच्या पश्चिमेला वीट हवी

पत्र : काटोल रोडवर फेटरीच्या पुढे आमचा दहा हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे. घरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. प्लॉटवर एक मोठा कडुलिंब, दोन मोह, चार-पाच पळस आहेत. मागून नाला जातो, पश्चिमेला मोकळं शेत. एकही झाड न तोडता साधारण पंधराशे फुटांचं, सगळंच्या सगळं लाकडी घर बांधावं आणि हॉलची पश्चिमेकडची भिंत काचेची करून संध्याकाळ बघत बसावं, असं आमच्या मनात आहे. डोंगरातली पाईनची घरं फार आवडली. बाबा म्हणतात, काळ्या जमिनीत लाकडी घर म्हणजे उधईला पंगत. आईला देवघर आणि उन्हाळ्यात उघड्यावर झोपायला जागा हवी. ओळखीचे एक इंजिनिअर म्हणाले, लाकडी घर हलकं असतं, पाया साधा चालतो. काय करावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी इंजिनिअरसाहेबांचं वाक्य बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहणार आहे. घर हलकं असतं हे खरं, पण काळ्या जमिनीत नेमकी तीच अडचण आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जड घराचं वजन तिला थोडंफार तरी दाबून धरतं. हलकं घर मात्र ती एका कोपऱ्यातून सरळ उचलते. ऑगस्टमध्ये एखादं दार अचानक अडकायला लागतं आणि डिसेंबरात आपोआप सुटतं, ही पहिली खूण. सुतार दार रंधून देतो, पण मूळ दुखणं जमिनीत तसंच राहतं.

म्हणून नकाशा काढायच्या आधी जिथे घर येणार त्या जागेच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत आठ-आठ फूट खोल खड्डे घ्या. मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा आणि काळ्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन तिचा ‘फ्री स्वेल इंडेक्स’, म्हणजे ती पाण्यात किती टक्के फुगते ते माप, काढून घ्या. तो ५० टक्क्यांच्या वर असेल तर माती फुगरी समजायची. मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर घराखालची काळी माती पूर्ण काढा, पाया मुरमात फूटभर रुतवा आणि जोत्याचा भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसत करा. खोदून काढलेली काळी माती ‘वाया कशाला घालवता’ म्हणून जोत्यात परत ढकलली जाते. ती झाडांच्या आळ्यात टाका, जोत्यात नको.

मुरूम आठ फुटांतही दिसला नाही तर अंडर-रीम पाईल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खोल खांब, घ्यावेच लागतील. १० ते १२ इंच व्यासाचे, किमान साडेतीन मीटर खोल, तळाशी व्यासाच्या अडीचपट फुगवटा असलेले. त्यांच्यावरची बीम जमिनीला टेकता कामा नये. खाली तीन इंच पोकळी हवी, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का लागत नाही. मिस्त्रीला ती पोकळी चूक वाटते आणि तो मायेनं मुरूम भरून टाकतो. त्या दिवशी साइटवर उभं राहा. घराभोवती पाच फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार देऊन, दोन्ही प्रकारांत करायचाच. पायाजवळची माती वर्षभर सारख्याच ओलीची राहिली की निम्मं काम झालं.

नाल्याचं पाणी कुठवर चढतं ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. त्या दिवशीची पाण्याची रेघ त्याला नक्की आठवत असेल. जोतं त्या रेघेपेक्षा निदान अडीच फूट उंच घ्या.

आता बाबांची उधई. त्यांची भीती रास्त आहे, पण उधई लाकडी घराला लागते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून : जिथे लाकूड मातीला किंवा काँक्रीटला टेकतं तिथून. जुन्या वाड्यांत खांब दगडी तळखड्यावर उभा असायचा, जमिनीत गाडलेला नसायचा. आज मात्र खांबाचं टोक काँक्रीटमध्ये पुरून ‘पक्कं’ करण्याची हौस असते. काँक्रीट ओल धरून ठेवतं, लाकडाचं टोक ती स्ट्रॉसारखी ओढतं, आणि चार-पाच पावसाळ्यांत खांब नेमका त्या रेघेवर कुजतो. तुमचा प्रत्येक खांब जमिनीपासून किमान दीड फूट उंच दगडी तळखड्यावर, जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बुटात उभा करा. बुटाची पट्टी आणि लाकडाचं टोक यांत एक इंच फट ठेवा, म्हणजे पाणी थांबणार नाही. टोकाला आधी दोन हात सीलर. तळखड्यावर २४ गेजच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची टोपी बसवून तिच्या कडा दोन इंच बाहेर, खाली ४५ अंशात वाकवा. पत्रा उधईला मारत नाही, तो तिला उघड्यावर आणतो. तिला कडेवरून मातीची नळी बांधत वर यावं लागतं आणि ती नळी तुम्हाला दिसते. दर दोन महिन्यांनी टॉर्च घेऊन बघा, दिसली की खरवडून काढा आणि औषध मारा. तळखड्याला टेकून विटा, कुंड्या, सरपण असं काही रचून ठेवलं तर ही सगळी मेहनत फुकट.

भरावावर काँक्रीट पडण्याआधी औषधही मारायचं : क्लोरपायरीफॉस २० ईसी, एक लिटरला १९ लिटर पाणी, दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. पंधराशे चौरस फुटांना साधारण ७०० लिटर द्रावण लागतं, म्हणजे ३५ लिटर मूळ औषध. ठेकेदारानं पाच लिटरचे दोनच डबे आणले तर हिशेब तुम्हीच करा. पाऊस येणार असेल त्या दिवशी फवारणी नको, आणि नाल्याच्या किंवा विहिरीच्या अंगाला तर मुळीच नको.

एवढं सांगून मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि इथे तुमच्या स्वप्नात थोडी वीट मिसळावी लागेल. पाईनची डोंगरातली घरं थंडीसाठी बांधलेली असतात. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथे घर उन्हाशी झुंजायला हवं. लाकडाच्या इंचभर फळीतून उन्हाची झळ तासाभरातच आत येते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून ती यायला सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारी वीट चांगली. पण तीच वीट रात्री नऊ-दहाला दिवसभराची धग खोलीत सोडायला लागते, त्या वेळी लाकडी खोली केव्हाच थंड झालेली असते. म्हणून दिवसा वापरायच्या खोल्या जड बांधा, रात्री झोपायच्या खोल्या हलक्या. सगळं घर लाकडी करू नका.

त्यावरून मांडणी अशी होते. घर पूर्व-पश्चिम लांब, ३० बाय ५० फूट, लांब बाजू उत्तर-दक्षिणेला. पश्चिमेच्या टोकाला संडास-न्हाणी, कोठीची खोली आणि जिना. ही भिंत दुहेरी : बाहेर साडेचार इंची वीट, मध्ये दोन इंच पोकळी, आत नऊ इंची वीट, दोन्हींना बांधणाऱ्या जीआय सळ्या. तिच्या मागे स्वयंपाकघर आणि हॉल. पूर्वेच्या टोकाला तुमची आणि मुलांची खोली, पूर्ण लाकडी चौकटीत : दोन बाय चार इंचांचे उभे दांडे दोन-दोन फुटांवर, मध्ये उष्णता अडवणारं दोन इंची रॉकवूल (दगडी लोकर), बाहेरून उभ्या सागवानी फळ्या, आणि फळ्यांमागे पाऊण इंचाची हवेची पोकळी. या भागाची जमीनही लाकडी, खालून दोन फूट मोकळी. माणूस सरपटत जाऊन तपासू शकला पाहिजे. मोकळ्या बाजूंना बारीक जाळी लावा, नाहीतर शेताकडून उंदीर येतील आणि त्यांच्या मागे साप. आई-बाबांची खोली मात्र पूर्वेकडे नको. ते दुपारभर घरात असतात. त्यांना विटांच्या भागात, उत्तरेची खोली द्या आणि तिचं दार सपरीत, म्हणजे ओसरीत, उघडू द्या.

सपरी आठ फूट रुंद, उत्तर आणि पूर्व अंगाला, मच्छरजाळीनं बंद केलेली. आईची झोपायची जागा हीच. जाळीनं वारा बराच अडतो, म्हणून नुसत्या खिडक्यांवर भागवू नका, अख्खी बाजूच जाळीची करा.

पश्चिमेच्या काचेचा हिशेब तुम्हीच बघा. शंभर चौरस फूट काच, मे महिन्यात दुपारी चारला, साधारण पाच किलोवॅट उष्णता आत घेते. म्हणजे दीड टनाचा एसी नुसती ती काच थंड ठेवायला. शिवाय मे-जूनमध्ये सूर्य सरळ पश्चिमेला मावळत नाही, जूनच्या मध्याला तो पश्चिमेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणून वायव्येचा कोपराही तेवढाच तापतो. पश्चिमेला तीन बाय चार फुटांची एकच खिडकी ठेवा, बाहेरून लाकडी झडपांची. संध्याकाळ बघायला कडुलिंबाखाली दगडी ओटा बांधा, सहानंतर तिथे हॉलपेक्षा कितीतरी बरं वाटेल.

दक्षिणेचा सूर्य आवरायला सोपा. २१ डिसेंबरला दुपारी तो आपल्याकडे ४५ अंशांवर असतो, २१ जूनला जवळजवळ डोक्यावर. दक्षिणेला तीन फुटांची वळचण काढली की मार्चनंतर खिडकीवर ऊन पडत नाही, आणि डिसेंबरात तेच ऊन थेट खोलीत येतं. झाडांची सावली मोजताना फसू नका. मोह आणि पळस ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतात, त्यामुळे मार्च-एप्रिलचा भरवसा कडुलिंबावरच. तो पश्चिमेला असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर पश्चिमेच्या हद्दीवर करंज आणि कडुलिंब लावा, घरापासून निदान २० फुटांवर. मोठ्या झाडाची मुळं काळ्या मातीतलं पाणी ओढतात आणि त्या बाजूची माती जास्त आक्रसते, म्हणून अस्तित्वातल्या झाडांपासूनही साध्या पायाचं घर जमेल तितकं लांब ठेवा. जवळ जाणं भागच असेल तर त्या बाजूला पाईल.

छपरावर पैसे वाचवू नका. कवेलूंचं (कौलांचं) दुपाखी छप्पर, २५ ते ३० अंश उतार, आणि त्याच्या खाली दुसरा थर : कवेलू, रिपा (कवेलू टेकायच्या आडव्या पट्ट्या), दोन इंच हवेची पोकळी, चकचकीत फॉइल, मग फळ्या किंवा बांबूच्या चटईचे बोर्ड. पोकळीला वळचणीपाशी आणि आढ्यापाशी तोंड ठेवा, दोन्हीकडे जाळी. गरम हवा आढ्यातून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. आढं बंद केलं तर तीच पोकळी भट्टी होते. रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका, विकत आणलेले कवेलू जमिनीवर जोडून मोजा, प्रत्येक कारखान्याचं माप थोडं वेगळं असतं.

फेटरीकडे वानरांच्या टोळ्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको. नुसते ठेवलेले कवेलू एका उड्डाणात फुटतात. फॉइलखालच्या फळ्या मजबूत ठेवा, म्हणजे कवेलू फुटला तरी पाणी घरात येत नाही. कडेच्या तीन ओळी आणि आढ्याचे कवेलू तांब्याच्या तारेनं बांधा. ती तार वादळातही कामाची. नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग मानकात ४४ मीटर प्रतिसेकंद धरला आहे, आणि एप्रिल-मेची वादळं सपरीचं रुंद छप्पर खालून उचलतात. प्रत्येक वासा तुळईला आणि तुळई खांबाला ३ मिलिमीटर जाडीच्या जीआय पट्टीनं, १२ मिलिमीटरच्या बोल्टनं बांधलेली हवी. खिळा वरून ठोकला तर वाऱ्यानं तो वरच निघतो. झाडाखालच्या बाजूला पन्हळ लावू नका, पानांनी ती महिन्यात तुंबते आणि पाणी उलटं वळचणीत शिरतं. त्याऐवजी जमिनीवर गोट्यांचा फूटभर रुंद चर.

लाकूड कोणतं? साग, आणि तो आपल्याच भागातला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग बल्लारशाहच्या डेपोत येतो, नागपुरात तो लकडगंजच्या आरागिरण्यांत मिळतो. पाईन उधईला आवडतो, आणि बाहेर वापरायचा तर त्यात दाबानं औषध भरलेलं असावं लागतं. ब्रशनं वरून लावलेलं औषध खोलवर जात नाही. सागाचंही सगळं लाकूड टिकत नाही : टिकतो तो तपकिरी गाभा, भोवतीचा पांढरट भाग उधई आणि भुंगा दोघेही खातात. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीच्या सागात पांढरा भागच फार, म्हणून स्वस्त मिळतो. खांब आणि तुळया घेताना चारही कडा बघा, पांढरं दिसलं तर तो भाग सोडून माप धरा. आतल्या कामाला, जिथे पाणी लागत नाही, ऐन किंवा बिजा चालेल. नागपुरातल्या इतवारी आणि महाल भागांत जुनी घरं पाडली जातात तेव्हा जुना साग निघतो. तो पूर्ण वाळलेला असतो आणि पुन्हा आक्रसत नाही, मात्र चिरण्याआधी प्रत्येक खिळा काढायला लावा.

अंदाज असा : सहा बाय सहा इंचांचे दहा फुटी २४ खांब ६० घनफूट, चार बाय आठ इंचांच्या तुळया ४५, दोन बाय पाच इंचांचे वासे ८५, रिपा ४०, दारं-खिडक्या ६०. भिंतींच्या फळ्या सोडून एकूण २९० घनफूट चिरलेलं लाकूड. वीटकामाच्या भागात काही खांब वाचतील. मापं मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पक्की करून घ्या. गोल माल घेतलात तर चिरून निम्म्यापेक्षा थोडं जास्तच हाती येतं, आणि गोल मालाचं माप घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी असं होतं, हे पावती बघताना लक्षात ठेवा. वाहतूक पास घेतल्याशिवाय ट्रक हलवू नका.

लाकूड आजच घ्या, कामाच्या दिवशी नको. सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, दोन थरांमध्ये इंचाच्या पट्ट्या ठेवून रचा. टोकांना रंग लावा, नाहीतर ती आधी वाळून फाटतात. इंची फळी तीन-चार महिन्यांत वाळते. सहा इंची खांब वर्षभरातही पूर्ण वाळत नाही आणि त्याला चीर पडणारच. ज्या बाजूनं तो दिसणार नाही तिथे आधीच करवतीनं उभी खाच घेतली की चीर तिथेच पडते. ओलीचं यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं. फळ्या १० ते १२ टक्क्यांवर आल्या की लावायच्या.

फळ्या कोणत्या महिन्यात लावता यालाही महत्त्व आहे. नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी ठाक असते, ऑगस्टमध्ये ओलीगच्च. चार इंची फळी या दोन टोकांत दीड-दोन मिलिमीटर फुगते-आक्रसते. मेमध्ये लावत असाल तर दर फळीमागे दोन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात भिंत पोट काढेल. ऑगस्टमध्ये लावत असाल तर घट्ट बसवा. कोणत्याही महिन्यात, प्रत्येक फळी एकाच कडेला खिळा, दोन्ही कडांना नाही. दोन्हीकडून जखडलेली फळी मधोमध फाटते.

आणि कूलर. नागपुरातल्या लाकडी घराचा हा खरा शत्रू आहे, उधईपेक्षाही. कूलर सुरू झाला की खोलीची हवा काही तासांत कोरडीची दमट होते, रात्री बंद केला की पुन्हा कोरडी. दारं-कपाटं रोज हलतात. त्यात टाकीतून गळणारं पाणी खिडकीखालच्या लाकडात मुरतं. कूलर लाकडी भिंतीवर टांगू नका. विटांच्या स्वतंत्र चौथऱ्यावर, भिंतीपासून सहा इंच दूर, उत्तरेच्या सावलीत ठेवा, हवा कॅनव्हासच्या गळ्यातून आत घ्या आणि पाण्याची वाट नाल्याकडे काढा. समोरची खिडकी वीतभर उघडी राहिलीच पाहिजे, नाहीतर ओल आत कोंडते आणि गारवाही येत नाही.

बाहेरच्या लाकडाला वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) लावू नका. उन्हात पापुद्रे सुटतात आणि खाली पाणी अडकतं. बुरशीनाशक मिसळलेलं उकळलेलं जवसाचं तेल, पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून. पहिल्या वर्षी दोनदा, मग दरवर्षी दिवाळीनंतर. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या अंगणात पसरून वाळवा आणि मग टाका.

आगीचं भान एरवीही हवंच. महाल भागातला भोसल्यांचा कोरीव लाकडी खांबांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. विजेच्या तारा लोखंडी पाईपातून, मुख्य पॅनेलला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), शेगडीभोवती वीट आणि दगड, एप्रिलमध्ये घराभोवतीचं पंधरा फुटांतलं वाळलं गवत आणि पळसाचा पाचोळा साफ.

काम नोव्हेंबरात पायापासून धरा, फेब्रुवारी-एप्रिलमध्ये चौकट, आणि मेच्या मध्यापर्यंत कवेलू वर. जूनमध्ये उघडी चौकट भिजली तर सगळी वाळवणूक पाण्यात. नकाशाची मंजुरी आणि जमिनीचा अकृषक दर्जा यांचे कागद त्याआधीच हातात असू द्या.

राहिलं आईचं देवघर. ते ईशान्येलाच येणार, म्हणजे लाकडी भागाच्या कोपऱ्यात. तिथे भिंतीत कोनाडा करू नका. चार फूट रुंद, साडेचार इंची विटांचा एक तुकडा जोत्यापासून सरळ वर घ्या, लाकडी चौकटीपासून एक इंच मोकळा, आणि त्यात दगडी कोनाडा बसवा. समई आणि वरची फळी यांत अडीच फूट अंतर ठेवा, म्हणजे आईला रात्री दिवा मालवायला कुणी सांगणार नाही.